कंदिलाचा रकाना

सांगलीत हळदीची आडत असलेल्या घरात डोळ्याचे पहिले शिक्षण होते ते हळकुंडावर. हळकुंड हातात घ्यायचे, मधोमध मोडायचे आणि आतला रंग पाहायचा. बाहेरून दोन्ही सारखीच पिवळी असतात. मोडली की एक केशरी निघते आणि दुसरे फिकट. गणपती पेठेतल्या एका पेढीवरच्या धाकट्या मुलाला वयाच्या दहाव्या वर्षीच ही पारख येऊ लागली होती. अण्णा गादीवरून हळकुंड पुढे करीत आणि म्हणत, "बघ आणि सांग." तो पाही आणि भाव सांगे. बहुधा तो चुकत नसे.

व्यापाऱ्याची नजर चपळ असते. ती वस्तूवर पडते, किंमत ठरवते आणि पुढच्या वस्तूकडे जाते. ढिगामागून ढीग पाहायचे असतात, सौदे दुपारच्या आत उरकायचे असतात. तिथे रेंगाळून कसे चालेल? पेढी चालते ती या चपळपणावरच. मात्र पुढे कॅमेरा हाती आल्यावर याच नजरेशी त्याचा जो झगडा सुरू झाला, तो पस्तीस वर्षे पुरला.

पहिला कॅमेरा मामांनी आणला, 1970 साली. आग्फा क्लिक थ्री. काळा, हलका, फारशी कळसूत्रे नसलेला. एका रोळात बारा फोटो. घरात पैसा होता, पण उधळपट्टीला जागा नव्हती. रोळ, धुलाई आणि छपाई यांचा खर्च मुनीमजी किरकोळ खर्चाच्या सदरात लिहीत आणि महिन्याच्या शेवटी अण्णा त्यावर बोट ठेवून नुसते "हं" म्हणत. त्यामुळे बारा फोटो दोन-तीन सणांना पुरवून वापरले जात. मंदिराचा मानस्तंभ, लग्नातला घोडा, नवा घेतलेला ट्रक, आणि खुर्च्यांवर मोठी माणसे व मागे उभी लहान माणसे अशी कुटुंबाची रांग. त्या रांगेत कोणी हसत नाही. त्या काळच्या बहुतेक घरांच्या अल्बमात तीच रांग सापडेल.

महाविद्यालयात असताना त्याची ओळख गावातल्या एका स्टुडिओवाल्याशी झाली. दुकान बंद झाल्यावर रात्री हे गृहस्थ त्याला अंधाऱ्या खोलीत घेऊन बसत. लाल दिवा, तीन ताटल्या, हायपोचा उग्र वास. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद पाण्यासारख्या द्रावात बुडवला की क्षणभर काहीच होत नाही. मग कुठेतरी एक करडा डाग उमटतो, त्याची भुवई होते, भुवईखाली डोळा येतो. हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते विसरता येत नाही. 1979 मध्ये त्याने मुंबईहून जुना यशिका मॅट कॅमेरा आणवला. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. तो छातीशी धरून, मान खाली घालून, वरच्या काचेत पाहावे लागते. काचेतले चित्र उलटे असते: माणूस डावीकडे सरकला की काचेत तो उजवीकडे जातो. घाईने काही साधत नाही. स्टुडिओवाले म्हणत, "या यंत्रासमोर मान तुकवावीच लागते, शेटजी असो की गडी."

1981 च्या फेब्रुवारीत श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींच्या मूर्तीच्या प्रतिष्ठापनेला हजार वर्षे पूर्ण झाल्याचा महामस्तकाभिषेक झाला. या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरून कोणी ना कोणी तेव्हा गेलेले असेल. हे कुटुंबही गेले. त्याने बरोबर तीन रोळ नेले होते, म्हणजे छत्तीस फोटो. गर्दीतून वाट काढीत, मचाणाच्या कडेला टेकत त्याने सत्तावन्न फुटी मूर्तीवरून ओघळणारे दूध टिपले, हळद टिपली, कलश टिपले. परतल्यावर प्रती निघाल्या. नातेवाइकांनी वाखाणणी केली, काहींनी मोठ्या करून मागितल्या. त्याला मात्र त्या पाहताना दिनदर्शिका चाळल्यासारखे वाटत राहिले. तिथे हजारो कॅमेरे होते आणि हजारोंनी तेच टिपले होते. छत्तिसातला एकच फोटो त्याने वेगळा काढून ठेवला. पहाटे डोंगर चढून आलेल्या त्याच्या आईचा, घरात सगळे तिला आक्का म्हणत. अभिषेकाला अवकाश होता. कातळाला पाठ टेकून, मांडीवर शिधोरी धरून ती बसल्या बसल्या झोपली आहे आणि तिच्या अनवाणी तळव्यांना पांढरी माती लागली आहे. मूर्ती त्या फोटोत नाही. आक्का कुठल्या दिशेला तोंड करून बसली आहे, एवढ्यावरून ती कळते.

हा फोटो आपल्याला का आवडतो, हे त्याला तेव्हा नीट सांगता आले नसते.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी एक वेगळीच गोष्ट घडली. छायाचित्रणाच्या रसायनशास्त्रावरचे एक इंग्रजी पुस्तक त्याच्या हाती आले. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात हे त्याला ठाऊक होते. ते कण फिल्मला धरून ठेवणारा पदार्थ जिलेटीन असतो, आणि ते जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात, हे त्याने प्रथमच वाचले. रिचर्ड मॅडॉक्स नावाच्या इंग्रज वैद्याने 1871 मध्ये काचेवर जिलेटिनचा थर देण्याची युक्ती सुचवली, आणि पुढे शंभरावर वर्षे जगातले जवळजवळ सगळे फोटो त्याच थरावर उमटले. त्याने मागे जाऊन पाहिले. मॅडॉक्सच्या आधी काचेवर जो थर देत तो कापसापासून बनवलेल्या कलोडियनचा असे. पण त्या काचांवरून ज्या कागदावर प्रती काढीत, त्याला अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा लेप असे. सुटका कुठेच नव्हती.

या शोधात त्याला लाला दीनदयाळ भेटले. मेरठजवळच्या सरधना गावी 1844 साली जैन सराफाच्या घरी जन्मलेला हा मुलगा रूडकीला अभियांत्रिकी शिकला, इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरीला लागला आणि तिशीच्या सुमारास त्याने कॅमेरा हाती घेतला. पुढे ते सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, 'राजा' म्हणवले गेले, त्यांनी मुंबईत मोठा स्टुडिओ काढला. मध्य भारतातली प्राचीन मंदिरे आणि किल्ले त्यांनी काचेवर उतरवून ठेवले. सराफाच्या घरचा मुलगा चांदीच्याच धंद्यात राहिला, फक्त वेगळ्या रीतीने, असे गमतीने म्हणता येईल. आपल्या घरी त्यांनी या प्रश्नाचे काय उत्तर दिले असेल, याचा तो बराच काळ विचार करीत राहिला.

त्याच्या घरी कोणी काही म्हटले नाही. आक्काने रेशमी वस्त्र कधीच सोडले होते, पण इतरांनी सोडावे असा आग्रह तिने कधी धरला नव्हता. दशलक्षण पर्वातल्या एका संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण झाल्यावर, त्याने यशिका मॅट कातडी नसलेल्या एका कापडी पिशवीत घातला आणि दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्यांना नेऊन दिला. त्यांनी वाद घातला. वाद बिनतोड होता. "पंचकल्याणकाचे फोटो कशावर निघतात? दवाखान्यात एक्स-रे काढतोस, ती फिल्म कशाची असते?" याला त्याच्याजवळ उत्तर नव्हते. पुढे अण्णांचे हाड मोडले तेव्हा एक्स-रे काढलाच गेला. आपल्या हाताने करण्याची हौस आणि जिवावर बेतल्यावरची गरज यांत तो फरक करीत होता, एवढेच म्हणता येईल. हा फरक सगळ्यांनी मान्य करावा असे नाही. अनेक श्रद्धाळू घरांत कॅमेरे होते आणि त्यात कोणाचे काही बिघडले नाही. पण त्याने आपल्यापुरता निर्णय घेतला, आणि ज्या गोष्टीत जीव रमू लागला होता ती ऐन तिशीच्या उंबरठ्यावर सोडली.

नजर मात्र सोडता येईना. तेव्हा त्याने व्यापाऱ्याला सुचेल तोच उपाय केला: वही घातली. जुन्या खातेवहीची मागची कोरी पाने घेतली आणि रोज रात्री, दिवसभरात जो फोटो काढला असता तो एका ओळीत लिहून ठेवू लागला. तारीख, वेळ, उजेड कुठून, मधोमध काय. "मार्च, सकाळी आठ. पेठेत हळद ओतली, धुळीतून ऊन तिरके. हमालाच्या पापण्या पिवळ्या." "ऑगस्ट, दुपार. आयर्विन पुलाखाली पाणी गढूळ, नावेत एकटी शेळी." "आक्का, स्वयंपाकघर. पाणी गाळताना फडक्यातून उजेड." कधी महिनाभर ओळ लिहिण्यासारखे काही दिसत नसे; मग तो रकाना कोरा राही, पण तारीख लिहिलेली असे. अशी अठरा-एकोणीस वर्षे गेली. पाच वह्या भरल्या. पहिल्या वहीतल्या ओळी सणांच्या आणि सूर्यास्तांच्या आहेत. पाचव्या वहीत सूर्यास्त जवळजवळ नाहीतच. माणसांचे हात पुष्कळ आहेत.

2003 च्या अखेरीस त्याने कॅननचा सहा मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा घेतला. यात फिल्म नव्हती. सिलिकॉनच्या चकतीवर उजेड पडतो आणि त्याचे आकडे होतात. छपाईच्या कागदाचीही त्याने चौकशी केली आणि जिलेटिनचा लेप नसलेला कागद मिळतो हे कळल्यावरच पुढे पाऊल टाकले. तोवर वय पंचेचाळिशीपार गेले होते. आक्का राहिली नव्हती. पेढीचा कारभार थोरल्या भावाच्या मुलांकडे सरकू लागला होता. तो कॅमेरा घेऊन गेला तो थेट हरिपूरला.

हरिपूर म्हणजे सांगलीला लागून असलेले, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे गाव. तिथल्या मातीत हळदीची पेवे होती. 'पेव फुटणे' हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळतो, पण तो वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पेव पाहिलेले असते. जमिनीत खोल खणलेला खड्डा, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल इतका अरुंद आणि आत मडक्यासारखा फुगलेला. त्यात हळद भरायची, तोंड माती घालून बंद करायचे. हरिपूरच्या मातीचा गुण असा की आत ओल शिरत नाही आणि हळदीला कीड लागत नाही. माल वर्षानुवर्षे टिकतो. सांगलीची हळदपेठ मोठी झाली त्यात या मातीचा वाटा फार मोठा. भाव आला की पेव उघडायचे. माणूस आत उतरतो, माल भरून देतो, वरचे गडी दोराने ओढून घेतात.

छायाचित्रकाराला याहून मोठा मोह कोणता? पेव हाच मुळी एक मोठा कॅमेरा: आत काळोख, वर एक गोल छिद्र, त्यातून उजेडाचा खांब खाली येतो आणि त्यात हळदीची धूळ तरंगते. पहिल्या हंगामात त्याने चारएकशे फोटो काढले. काळोख आणि उजेड यांतले अंतर इतके की एकाला धरावे तर दुसरे हातचे जाई. त्याने ते गणित हळूहळू सोडवले. बारा फोटो निवडून मोठे छापले. ते सुंदर होते, यात शंका नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या जाणकारांनी ते पाहून मान डोलावली.

मग त्याने ते पेवात उतरणाऱ्या म्हाताऱ्या गड्याला दाखवले. सगळे त्यांना मामा म्हणत; वयाच्या विशीपासून ते अण्णांच्या पेढीची पेवे उघडत आले होते. मामांनी हात धोतराला पुसले, एकेक फोटो लांब धरून पाहिला, सगळे पाहून झाल्यावर परत पहिल्यापासून पाहिले.

"झ्याक हाईत मालक. पर ह्यात कंदील कुठं हाय?"

त्याने कंदिलाचा एकही फोटो काढलेला नव्हता. चारशेतला एकही नाही.

पेव बंद असते तेव्हा आतली हवा माणसाला जगण्यासारखी राहत नाही. तोंड उघडल्यावर काही तास वाट पाहतात. मग दोराला कंदील बांधून आत सोडतात. ज्योत जळत राहिली तर माणूस उतरतो. विझली तर त्या दिवशी कोणी उतरत नाही. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होते. पण तो येई तो पेव उघडून, कंदील वर काढून झाल्यावर, उजेडाचा खांब पडायच्या वेळी. मामांच्या लेखी काम तिथे संपत आलेले असे. त्यांच्या दृष्टीने पेवाची खरी घटका ती, जेव्हा चार माणसे तोंडाशी वाकून खाली बघत असतात आणि कोणी बोलत नाही.

नव्या वर्षी, 2005 च्या आरंभी, तो तीन सकाळी हरिपूरला गेला, उजाडायच्या आत. पहिल्या सकाळी कॅमेरा बाहेरच काढला नाही. नुसता वाकून उभा राहिला. दुसऱ्या सकाळी ढग होते. तिसऱ्या सकाळचा फोटो आज पेढीवर आहे. त्यात हळद नाही. उजेडाचा खांब नाही. काळे गोल तोंड, त्यात खोलवर तांबूस ठिपक्याएवढी ज्योत, दोरावर दोन हात, आणि कडेने वाकलेले तीन चेहरे. वरच्या आभाळाचा फिका उजेड त्यांच्या कपाळांवर पडला आहे. कोणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही. तिघांचेही डोळे एकाच जागी आहेत. मामांचे ओठ किंचित उघडे आहेत, जणू श्वास घ्यायचा राहून गेला आहे.

वर्षानुवर्षे तो ज्या वह्या पाहत आला होता त्यांत आडत, हमाली, तोलाई, वाराई यांचे वेगवेगळे रकाने होते. पेवाच्या खर्चाचाही होता. कंदिलाचा नव्हता, आणि कसा असणार? तेल किती लागते ते! तो फोटो छापून समोर ठेवल्यावर श्रवणबेळगोळच्या आक्काचा फोटो आपण इतकी वर्षे का जपला, हे त्याला उमगले. दोन्ही फोटोंत ज्यासाठी सगळे चालले आहे ती गोष्ट दिसत नाही. दिसते ते तिच्यासाठी थांबलेले माणूस. भाव ठरवणारी नजर नेमकी याच माणसावरून पुढे सरकत असे.

अण्णा तेव्हा ऐंशीपार होते. त्यांनी फोटो खिडकीशी नेऊन पाहिला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की त्यांच्या उमेदीत एकदा ज्योत विझली होती. पेव उघडे ठेवून आठवडाभर थांबावे लागले आणि तेवढ्यात भाव उतरला. किती उतरला, हे अण्णांना आकड्यासह आठवत होते. उतरायला गडी तयार होता, तोच म्हणत होता की जातो. त्याला अण्णांनी जाऊ दिले नव्हते. हा गडी कोण, हे त्यांनी सांगितले नाही. विचारायचीही गरज पडली नाही.

त्याच पावसाळ्यात, जुलै सरता सरता कृष्णेला महापूर आला. पाणी हरिपुरात शिरले आणि पेवांत उतरले. कित्येक पेवे ढासळली. जो माल आत होता तो गेला. पाणी ओसरल्यावर तो कॅमेरा घेऊन गेला, पण त्या दिवशीचे फोटो त्याने कोणाला फारसे दाखवलेले नाहीत. पेवे मागे पडत गेली. माल गोदामांत आणि शीतगृहांत जाऊ लागला, आणि व्यापाराच्या दृष्टीने ते सोयीचेच होते. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, पुढच्याच वर्षी पुन्हा महापूर आला. पेवांच्या जागी आता घरे उठत आहेत.

तो अजूनही हळकुंड मोडून भाव सांगतो आणि अजूनही बहुधा चुकत नाही. नातवंडे मोबाइलवर एका बैठकीत पन्नास फोटो काढतात. फोटोंचे खरोखरच पेव फुटले आहे. तो त्यांना काही शिकवायला जात नाही. कोणी आपण होऊन विचारले तर पाचवी वही पुढे करतो.

मागच्या हंगामात पट्टीची वाट पाहत बसलेला एक तरुण शेतकरी गादीजवळच्या भिंतीवरचा तो फोटो निरखत होता. त्याने विचारले, "ह्या पेवात माल कुणाचा होता?" पुतण्याने 2005 ची वही काढली. शेतकऱ्याचे नाव, मालाचे वजन, पेव उघडल्याची तारीख, हमाली, सगळे सापडले. "आणि कंदील सोडणारा?" वहीत ते कुठेच नव्हते. तेव्हा धाकट्याने उठून भिंतीवरची चौकट उतरवली आणि उलटी करून त्याच्या हातात दिली. मागे पेन्सिलीने, वळणदार अक्षरात, मामांचे पूर्ण नाव लिहिलेले होते.